अकरावे नाव

आम्ही उभयता जिल्हा परिषदेच्या एकाच उर्दू शाळेत शिक्षक आहोत. शाळा दोन खोल्यांची, पहिली ते पाचवीची, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात. हे लिहिणारा हात आमच्यातल्या एकीचा, बी.एड. झालेलीचा आहे. पण 'मी' लिहून सुरुवात केली तेव्हा दुसऱ्याच वाक्याला अडखळायला झाले. डबा कोणी भरला, लेकराचा ताप रात्री कोणी पाहिला, खिचडीचा तांदूळ कोणी मोजला, याचा हिशेब एकाच्या नावावर मांडता येईना. म्हणून 'आम्ही'. जिथे वेगवेगळे सांगायची पाळी येईल तिथे गावातली मुले म्हणतात तसे 'मॅडम' आणि 'सर' म्हणू.

आम्ही दोघेही मूळचे परभणी जिल्ह्यातले. 2010 साली शिक्षणसेवकांची सीईटी झाली, त्या भरतीतून कोकणात आलो. मराठवाड्यातून आणि खानदेशातून कोकणात नोकरीला आलेल्या शिक्षकांची इथे एक वेगळी जमातच आहे. सुट्टी लागली की एसटी स्टँडवर पिशव्या घेऊन उभी असलेली ही माणसे एकमेकांना लांबून ओळखतात. आमचीही ओळख अशीच झाली, घरच्यांनी नाते जुळवले आणि 2013 मध्ये निकाह झाला. नंतर काही वर्षे एक खाडीच्या अलीकडे, एक पलीकडे. बदल्यांच्या कागदावर 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा एक शब्द असतो. संसाराला इतका कोरडा शब्द दुसरा नसेल, पण त्या एका शब्दाची वाट आम्ही फार पाहिली. 2023 च्या बदल्यांत तो फळला आणि दोघेही या एका शाळेवर आलो.

थोरली 2018 च्या फेब्रुवारीत झाली. प्रसूती रजा 180 दिवसांची. रजा संपली तेव्हा कोकणातला ऑगस्ट चालू होता. ज्यांनी परभणीचा पाऊस पाहिला आहे त्यांना या पावसाची कल्पना येणार नाही. आमच्याकडे लोक आभाळाकडे पाहून नमाजे-इस्तिस्का पढतात, आणि इथे चार-चार दिवस आभाळ दिसतच नाही. बाळाचे लंगोट वाळत नसत. रात्री एकाने दोरीवरचे ओले लंगोट काढून द्यायचे आणि दुसऱ्याने इस्त्रीने शेकायचे. त्या धुरकट वासात पाढे, टाचणे, अहवाल, सगळे लिहिले. 2019 मध्ये मॅडमनी मुक्त विद्यापीठाच्या सेवांतर्गत बी.एड.ला नाव घातले. लेक दीड वर्षाची. अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असले की सर तिला कडेवर घेऊन बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत. ज्या बाईने पहिलीपासून डी.एड.पर्यंत सगळे शिक्षण उर्दूत घेतले तिला बी.एड.चे स्वाध्याय मराठीत लिहावे लागले. आज हा लेख मराठीत लिहिता येतो आहे तो त्या स्वाध्यायांच्या जोरावर. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात, ते संपादक सुधारतील.

धाकटा 2021 च्या जानेवारीत झाला. तेव्हा शाळा बंद होत्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते डिसेंबर 2021 मध्ये, तोवर आम्ही ज्या मुलांकडे फोन होते त्यांना फोनवर आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना अंगणात जाऊन शिकवत होतो. तो काळ लोकांना वाईट गेला. आमचे आईबाप परभणीला, आम्ही इथे. काळजीने जीव अर्धा झाला होता. पण एक कबूल केले पाहिजे, दोन्ही मुलांना आमच्या वाट्याचे आईबाप पूर्ण वेळ मिळाले ते त्याच काळात.

या गावात आलो तेव्हा धाकटा अडीच वर्षांचा होता. घरमालक कुवैतला असतात. त्यांच्या चिरेबंदी घराच्या पडवीकडच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. शेजारी एक खाला राहत. साठीच्या पुढच्या, मुले-सुना सगळी मुंब्र्याला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी धाकट्याला उचलून स्वतःच्या घरी नेले आणि आम्हाला सांगितले, तुम्ही गावातली पोरे सांभाळा, याला मी बघते. पैशांचा विषय काढला तर रागावल्या. एक वर्ष आमची शाळा खऱ्या अर्थाने खालांनी चालवली, कारण आमच्या दोन खुर्च्या भरलेल्या राहिल्या त्या त्यांच्या पडवीमुळे. शाळेच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये त्यांची नोंद नाही.

मे 2024 मध्ये खालांचा मुलगा आला आणि त्यांना मुंब्र्याला घेऊन गेला. गुडघे दुखत होते, एकटीला ठेवणे त्याला बरे वाटेना. त्याचेही बरोबरच होते. या गावांचे असेच आहे. पुरुष आखातात, बायका-मुले मुंब्रा, मिरा रोड, पनवेलकडे, आणि घराला कुलूप. घरे मोठमोठी, रंगवलेली, खिडक्यांना काळ्या काचा, आणि आत माणूस नाही. शाळेचा पट का घसरतो याची कारणे आमच्याकडून दरवर्षी लेखी मागवली जातात. आम्ही 'स्थलांतर' असे एका शब्दात लिहितो. खरे उत्तर शाळेच्या रस्त्याने चालत गेले की दिसते, कुलपे मोजली की झाले.

2023 मध्ये आलो तेव्हा पट 14 होता. पुढच्या जूनला तिघे पाचवी पास होऊन गेले, दोघे आईबरोबर मुंबईकडे गेले, एकजण पहिलीत आला. उरले 10.

आणि आमची थोरली सहा वर्षांची झाली होती.

आता इथे जरा थांबून सांगायला हवे. उर्दू शाळेतल्या शिक्षकांची स्वतःची मुले कुठे शिकतात, हा प्रश्न आपल्या समाजात हळू आवाजात विचारला जातो. आम्ही सुट्टीत घरोघर फिरून पालकांना सांगतो, आपल्या भाषेत शिकवा, मूल लवकर समजते. पालक चहा देतात आणि विचारतात, मग तुमची कुठे आहेत? आमचे कितीतरी सहकारी या प्रश्नापाशी घोटभर चहा जास्त घेतात. त्यांना दोष द्यायचा नाही. तालुक्याहून इंग्रजी माध्यमाची व्हॅन सकाळी आठला गावात येते. शिक्षकाचा पगार नियमित असतो, त्याला ती फी परवडते. मूल सकाळी आठ ते दुपारी चार कोणाच्या तरी ताब्यात राहते. ज्यांच्या घरी सांभाळायला कोणी नाही अशा नोकरदार आईबापांना व्हॅन म्हणजे शाळा कमी आणि पाळणाघर जास्त असते. आमच्या परभणीच्या घरचेही फोनवर हेच सांगत होते.

आणि 'आपली भाषा' म्हणजे तरी कोणती? आम्ही घरात दखनी बोलतो, नक्को आणि हौवाली. गावातल्या मुलांची घरची बोली कोकणी, ती मराठीची धाकटी बहीण. पुस्तकातली उर्दू या दोघींपेक्षा वेगळी, इस्त्री केलेली. त्यात मराठीचा 'सुलभभारती'चा तास. आमची लेक अंगणात 'माझा बापूस' म्हणते, घरात 'अब्बा' हाक मारते, वर्गात 'वालिद' वाचते आणि मराठीच्या तासाला 'वडील' लिहिते. एकाच माणसाला चार नावे, आणि तो माणूस शेजारच्या खोलीत पाचवीला भागाकार शिकवत असतो. मातृभाषेवर भाषण ठोकणे सोपे आहे, पण आमच्या ओट्यावर बसून ते ठोकता येत नाही. तरी एवढे पाहिले आहे की कोकणी बोलणारे मूल उर्दूच्या वर्गात आठ-पंधरा दिवसांत हसायला लागते. इंग्रजी व्हॅनमधून उतरणारी मुले शहाणी असतात, पण संध्याकाळी गृहपाठ घेऊन त्यांच्या आया आमच्याच दारात येतात.

आम्ही लेकीचे नाव आमच्या शाळेत घातले. दाखल-खारीज रजिस्टरवर सरांनी लिहिले, मॅडमनी पालक म्हणून सही केली. हजेरीपत्रकात ती शेवटची दाखल, म्हणून शेवटची ओळ. अकरावे नाव.

पहिलीत आलेल्या दुसऱ्या मुलाची आई त्याचे नाव व्हॅनच्या शाळेत घालणार होती. ती म्हणाली, "मॅडमची मुलगी इथं बसते ना, मग माझा पण बसेल." आम्हाला बरे वाटले. मोठ्या विश्वासाने बोललेली वाक्ये नंतर ओझी होतात, ते तेव्हा कळले नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये शासनाचा निर्णय आला. वीस किंवा कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा. राज्यभर शिक्षक चिडले, तेव्हा त्याच महिन्यात वीसचा आकडा दहावर आणला. म्हणजे दहा असले तर आमच्यापैकी एकाला ही शाळा सोडावी लागणार, अकरा असले तर दोघे राहणार. आमच्या पटावर अकरा. हॉटेलात बसणाऱ्यांपैकी कोणीतरी बोलले, "मास्तरांनी पोरगी बसवून नोकरी टिकवली." नोकरी तशी कोणाची जात नव्हती, दुसऱ्या शाळेवर जावे लागले असते. पण दोन लहान मुलांच्या घरात एकाने चाळीस-पन्नास किलोमीटरवर जाणे म्हणजे काय, हे आम्ही आधी भोगले होते.

नाव जूनमध्ये घातले, निर्णय सप्टेंबरमध्ये आला. हे उत्तर आमच्याकडे तयार होते, आणि ते खरेही होते. पण पूर्ण खरे नव्हते. लहान शाळांचे काय होणार याची हवा त्या वर्षी मार्चपासूनच होती. केंद्रावर चहाला जमले की हाच विषय. त्या रात्री मुले झोपल्यावर मॅडमनी सरांना विचारले, "सच बोलो, नाम किसके वास्ते डाले अपन?" सर बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिच्यासाठीच. पण अकरा होतात हे मला त्या दिवशीही ठाऊक होते." मॅडमनाही ठाऊक होते. रजिस्टरवर सही करताना आकडा मनात मोजला होता. इतके प्रामाणिक बोलणे आमच्यात बऱ्याच दिवसांनी झाले, कारण एरवी रात्री दहानंतर आम्ही फक्त उद्याच्या कामांची वाटणी बोलतो.

तो निर्णय पुढे 2025 मध्ये रद्द झाला. पण त्या दुसऱ्या मुलाची आई तेव्हा दारात येऊन विचारून गेली होती, "मॅडम, लोक म्हणतात ते खरं आहे काय?" तिला आम्ही जूनची तारीख सांगितली. मार्चचे सांगितले नाही.

आता लेक वर्गात बसल्यावर काय झाले ते सांगतो.

पहिल्याच दिवशी आम्ही नियम केला. घरी अम्मी-अब्बा, शाळेत मॅडम-सर. मुलांना भेदभाव लगेच कळतो. आपल्या लेकीला मांडीवर घेणाऱ्या बाईच्या हातून दुसऱ्याचे लेकरू अक्षर गिरवून घेणार नाही. लेकीने नियम इतका पाळला की आम्हालाच नवल वाटले. शाळेचा उंबरा ओलांडला की तिचा आवाज बदलायचा. आम्ही कौतुकाने परभणीला फोनवर सांगायचो.

पहिली-दुसरीचा वर्ग मॅडमकडे, तिसरी ते पाचवी सरांकडे. मॅडमच्या खोलीत चार मुले. लोकांना वाटते चार मुले म्हणजे आराम. चार मुले दोन इयत्तांची असतात, प्रत्येकाची गाडी वेगळ्या स्टेशनात उभी असते, आणि शिकवण्याखेरीजची कामे चाळीस मुलांच्या शाळेइतकीच असतात. पोषण आहाराची नोंद रोज, यू-डायसची माहिती तितकीच, फोटो तितकेच, निवडणुकीचे आदेश तितकेच. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीला दोघांनाही आदेश आले होते. मुले लहान आहेत असा अर्ज केला तेव्हा मॅडमचा रद्द झाला. सर दोन दिवस केंद्रावर, मॅडम दोन मुलांसह घरी. एवढ्यावर निभावले म्हणून अल्लाहचे शुक्र मानले.

त्या वर्षीच्या जुलैतला एक दिवस मात्र अजून आत टोचतो. सर तालुक्याला प्रशिक्षणाला गेले होते. खाला गावात नव्हत्या. धाकटा अंगणवाडीत जायला लागला होता, पण रात्रीपासून त्याला ताप होता. महिलांना मुलांसाठी बालसंगोपन रजा मिळते, 2018 पासून, संपूर्ण सेवेत 180 दिवस. हक्काची रजा आहे. परंतु दोन शिक्षकांच्या शाळेत एक प्रशिक्षणाला असताना दुसऱ्याने ती घेतली तर शाळेला कुलूप लागते. ती आम्ही आजवर बारा दिवस वापरली आहे. मॅडमनी तापाचे औषध पाजले, सतरंजी घेतली आणि त्याला शाळेत आणून कपाटाच्या आडोशाला निजवले. बाहेर पाऊस असा की कौलांवर कोणी खडी ओतत आहे. अकराही मुले एका खोलीत बसवली.

अकरा वाजता ताप चढला. मॅडम फळ्यापाशी, समोर पाच इयत्ता. लेक भावापासून दोन हातांवर पाटी घेऊन बसली होती. वळून वळून पाहत होती, उठत नव्हती. मग तिने बोट वर केले. "मॅडम, मैं भाई के पास बैठूँ?"

मॅडमच्या तोंडून सवयीने निघून गेले, "पहले सबक पूरा करो।"

तिने मान खाली घातली आणि लिहीत राहिली. दहा ओळी होत्या. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उठली, कोणाला न विचारता स्वतःचा रुमाल माठाच्या पाण्यात बुडवला आणि धाकट्याच्या कपाळावर ठेवून तिथेच बसली. तिला कोणाची परवानगी लागली नाही. ती दुसऱ्याची मुलगी होती ना. लेकीने दहाही ओळी पूर्ण केल्या, पाटी आणून दाखवली, मॅडमनी बरोबरची खूण केली, आणि मगच ती भावाजवळ गेली. संध्याकाळी सर आले. शेजारच्या रिक्षाने आरोग्य केंद्रात नेले. साधा ताप होता, तीन दिवसांत उतरला.

ऑगस्टमध्ये आणखी एक झाले. लेकीने तेच अक्षर सातव्यांदा उलटे काढले आणि मॅडमनी तिच्या दंडाला चिमटा काढला. शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. आम्ही तो कायदा मनापासून मानतो. दुसऱ्याच्या लेकराला आजवर बोट लावलेले नाही. ती दुसऱ्याच्या लेकरांच्या बाबतीत. दुसरीतला एक मुलगा सरळ म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिलाच मारता. आम्हाला नाही मारत." त्याला ती तक्रार वाटत होती की आपुलकी, देव जाणे. पण भेदभाव होऊ नये म्हणून नियम करणाऱ्या बाईच्या वर्गात भेदभाव होत होता, तो उलट्या बाजूने. हे चार मुलांनी पाहिले होते आणि एका बी.एड.वालीला दिसले नव्हते. बालमानसशास्त्राच्या पेपरात मॅडमना चांगले गुण आहेत, तेही इथे सांगून टाकतो.

ऑक्टोबरमध्ये केंद्राची शिक्षण परिषद होती. मॅडम गेल्या, सर शाळेवर. संध्याकाळी मॅडम परत आल्या तर लेक दारातच उभी. चप्पल काढू दिली नाही. म्हणाली, "अम्मी, आज सरांनी माझी हाजिरी घेतली!"

"मग? रोज घेतो की आपण."

"तू नाही घेत."

सरांनी सांगितले ते असे. सकाळी त्यांनी दोन्ही वर्गांची हजेरी एकत्र घेतली. एकेक नाव, बापाच्या नावासकट. शेवटी हिचे नाव आले. ही ताडकन उभी राहिली आणि इतक्या मोठ्याने "हाजिर, सर!" म्हणाली की सगळी पोरे हसली. हसली तरी ही उभीच. "बैठ जाओ" म्हटल्यावर बसली.

मॅडम त्या रात्री हजेरीपत्रक घेऊन बसल्या. जूनपासूनच्या सगळ्या खुणा व्यवस्थित होत्या. एकही रकाना रिकामा नव्हता. पण त्यांना आठवले, आपण तीन नावे पुकारतो, 'हाजिर' ऐकतो, आणि चौथ्या ओळीवर नुसती खूण करतो. ती तर समोरच आहे. सकाळी आपणच तिची वेणी घातली, आपणच हाताला धरून आणली. तिला काय पुकारायचे? चार महिने ती रोज आपल्या नावाची वाट पाहत बसत होती, आणि रोज मॅडम रजिस्टर मिटत होत्या. आकडा अकरा होत होता, कागद पूर्ण होत होता. तिने एकदाही सांगितले नाही. शाळेत मॅडमला असे काही सांगायचे नसते, आणि घरी अम्मी तव्यावर असते.

सर म्हणाले, जाऊ दे, उद्यापासून घे. सरांचा स्वभाव असा, ते दुसऱ्या दिवसाकडे लवकर वळतात. मॅडमना त्या रात्री झोप आली नाही. सप्टेंबरमध्ये गावातल्या माणसाने जे बोलले होते ते तेव्हा लागले नव्हते इतके आता लागले. नाव कोणासाठी घातले, या प्रश्नाला आम्ही तारखांनी उत्तर देत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हजेरी घेतली. चौथे नाव पुकारले, पूर्ण, बापाच्या नावासकट. लेक उभी राहिली. पण आदल्या दिवसासारखी ओरडली नाही. हळूच "हाजिर, मॅडम" म्हणाली आणि मॅडमकडे अशी पाहत बसली की जणू खात्री करून घ्यायची आहे, हे आजचेच आहे की रोजचे. पंधरा-वीस दिवस ती असेच पाहत असे. नंतर सोडून दिले.

नियमही आम्ही थोडा ढिला केला. मधल्या सुट्टीत, खिचडीच्या वेळी, अम्मी म्हणायला हरकत नाही. बाकीची मुले गंमत म्हणून तीही कधी कधी मॅडमना अम्मी म्हणतात. पाचवीतला एक तर चुकून सरांना अम्मी म्हणाला. 2025 च्या मार्चमध्ये रमजान आला तेव्हा शाळा सकाळची होती. सहरीला उठून, रोजा धरून, दोन मुलांना घेऊन अंधुक उजेडात शाळेत जायचे. थोरलीने पहिला रोजा त्याच महिन्यात धरला. वर्गात अकराच्या सुमाराला तिने बोट वर केले आणि विचारले, "अम्मी, थोडा वेळ डोके टेकू?" वर्गात अम्मी! कोणी हसले नाही. तिने मॅडमच्या टेबलावर डोके टेकले आणि मॅडम एका हाताने फळ्याकडे बोट दाखवत, दुसरा हात तिच्या केसांवर ठेवून गणित सांगत राहिल्या. तपासणीला कोणी साहेब आले असते तर काय म्हणाले असते, हा विचार मनात आला, आणि गेला.

जून 2025 मध्ये दोघे पाचवीतून गेले, एक मुलगी नवी आली. पट 10. थोरली दुसरीत. ज्या आईने आमच्याकडे बघून आपला मुलगा ठेवला, तो अजून आहे, चांगला वाचतो. पण या वर्षी तिच्या मिस्टरांनी मिरा रोडला खोली बघितली आहे असे ऐकतो. परभणीचे लोक विचारतात, पुढे काय? पाचवीनंतर हायस्कूल तालुक्याला, तिथवर कसे? बदलीचा अर्ज भरायचा का? धाकट्याचे नाव 2027 च्या जूनला पहिलीत घालायचे, ते याच शाळेत का? शाळा तोवर असेल का? आम्ही रात्री बोलायला बसतो आणि उद्याचा डबा कोणी करायचा इथवर येऊन थांबतो. खालांचा मुंब्र्याहून फोन येतो, धाकट्याला फोन द्या म्हणतात, आणि तो कोकणीत त्यांना दिवसभराचे सगळे सांगतो, जे आम्हाला सांगत नाही.

अंगणवाडी सुटली की ताई त्याला शाळेत आणून सोडतात. दुपारच्या सत्रात हजेरी पुन्हा होते. तेव्हा हा दाराच्या चौकटीला टेकून उभा असतो आणि थोरलीचे नाव पुकारले की तिच्या आधी मोठ्याने "हाजिर!" म्हणतो. तिला भयंकर राग येतो. "मेरी हाजिरी तू कायकू देता?" म्हणून ती पाटी ठेवून त्याच्यावर धावते. ते भांडण सोडवायला मॅडमनी उठायचे की अम्मीने, हे ठरेपर्यंत बाकीच्या मुलांनी ते मिटवलेले असते.